वायरिंग खात्यातली माझी जागा

माझ्या भावाच्या, विजूच्या चारकोपच्या घरात शिरलं की डाव्या हाताला बाबांचा रेडिओ उभा आहे. रेडिओ म्हणायचं ते आपलं सवयीने. कमरेइतकी उंची, गोल कोपऱ्यांचं शिसवी रंगाचं लाकूड, खाली सोनेरी दोऱ्याच्या कापडाची जाळी, वर काचेची तबकडी आणि तिच्यावर कोलंबोपासून लंडनपर्यंत गावांची नावं. बाहेरून सगळं जिथल्या तिथे, चांगलं पॉलिश मारून चकचकीत केलेलं. आतलं मात्र सगळं उपसून फेकलंय. माझ्या भाच्याने, म्हणजे विजूच्या मुलाने, आत फळ्या ठोकल्यात, निळा दिवा लावलाय आणि दारूच्या बाटल्या मांडल्यात. "व्हिंटेज आहे आत्या, लोक लाखभर मागतात अशा पीसचे," असं त्याने मला अभिमानाने सांगितलं. मी विचारलं, आतले काचेचे व्हॉल्व्ह कुठे गेले? स्पीकर कुठे गेला? तर म्हणे भंगारवाल्याला दिले, चालत थोडेच होते. अरे चालत होते! बाबा गेले तेव्हा तो सेट चालत होता आणि तो माझ्या हाताने चालत होता. पण कुणाला सांगायचं? जळलं मेलं ते व्हिंटेज.

मुलगी म्हणते, आई, आठवणी लिहायच्या तर शांतपणे लिही, तुझं बीपी वाढतं. वाढू दे. शांतपणे लिहिण्यासारखी प्रकरणं माझी लिहून झाली, हे तसलं नाही. अठराव्या वर्षी मला रेडिओच्या कारखान्यात नोकरी करायची होती. त्याआधी आणि त्यानंतर मी इतक्या मनापासून काही मागितल्याचं मला आठवत नाही. ती मला मिळाली नाही. बायकांना तिथे घेत नाहीत असं मला सांगितलं गेलं, मी ते खरं मानलं आणि त्यावर सगळं आयुष्य काढलं. ते खोटं होतं हे मला या महिन्यात कळलं, तेही जेवणाच्या टेबलावर, चेष्टामस्करीत.

आम्ही तेव्हा घाटकोपरला, डोंगराच्या पायथ्याच्या चाळीत राहायचो. दोन खोल्या. आतल्या खोलीत आईची चूल आणि मोरी, बाहेरच्या खोलीत एक पलंग आणि बाकी सगळीकडे रेडिओ. टेबलावर रेडिओ, पलंगाखाली रेडिओ, खिडकीत उघडे पडलेले सेट. बाबा मिलमध्ये वायरमन होते. पहिल्या पाळीला जायचे, चारच्या सुमाराला परत यायचे, पेज प्यायचे आणि लगेच टेबलाला बसायचे. आसपासच्या चाळींतलेच नाही, तर पूर्वेच्या बंगल्यांतलेही सेट आमच्याकडे दुरुस्तीला यायचे. आमच्या घराला राळेचा वास होता. सोल्डरिंग करताना राळ जळते ना, तो वास. आई करवादायची की काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यालासुद्धा हाच वास येतो, पाहुण्यांना वाढायची लाज वाटते. मला तो वास आवडायचा. अजूनही कुठे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासमोर तो आला की मी उभी राहते आणि दुकानातला मुलगा विचारतो, काय पाहिजे आजी?

बाबांचा स्वतःचा सेट, आता चारकोपला बाटल्या सांभाळतोय तो, भिंतीशी मधोमध उभा असायचा. कुणा साहेबाने देश सोडून जाताना विकलेला, बंद पडलेला, बाबांनी जिवंत केलेला. आजच्या पोरांना कळायचं नाही, पण तो सेट लावला की लगेच बोलायचा नाही. आधी आत तांबडी लुकलुक व्हायची, मग लाकूड हळूहळू कोमट व्हायचं, मग तबकडीवरचा हिरवा डोळा उघडायचा आणि मग कुठून तरी लांबून आवाज वर यायचा. तोपर्यंत सगळे गप्प. दुपारी चाळीतल्या बायका तांदूळ निवडायला आमच्याकडेच येऊन बसायच्या. त्या खोलीत मी जेवढी सुखी होते तेवढी नंतर फार कमी ठिकाणी झाले. हे लिहिताना परत राग येतो.

आता एक गोष्ट सांगते जी तेव्हा घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. बाबांना ऐकू येत नव्हतं. अगदी ठार बहिरे नव्हते, पण साच्यांच्या, म्हणजे मागांच्या खात्यात वर्षानुवर्षं काढल्यावर मिलवाल्यांचं जे होतं तेच त्यांचंही झालं होतं. माणसांचं बोलणं ते ओठांवरून ओळखायचे. रेडिओला ओठ नसतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला रेडिओ ऐकू येत नाही हे गिऱ्हाइकांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं झालं असतं. म्हणून बाबांनी मला शेजारी बसवायला सुरुवात केली, मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून. ते लाकडावर तळहात ठेवायचे आणि मला विचारायचे, "आता कसो येता गो आवाज?" मग मी सांगायची. नाकातला येतोय. तळल्यासारखा येतोय. घशात बसलाय. आमच्या घरात या शब्दांना पक्के अर्थ होते. नाकातला म्हणजे स्पीकरचा कागद फाटलाय, तळलेला म्हणजे कुठेतरी डाग, म्हणजे सोल्डरचा सांधा, सुटलाय, घूं घूं म्हणजे मोठा कंडेन्सर गेलाय. आधी मी नुसती सांगायची, मग बोट दाखवायला लागले, मग कधीतरी बाबांनी इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची कांब हो, माझ्या हातात दिली. मॅट्रिक होईपर्यंत निम्मे सेट मी करत होते आणि कठीण असतील ते सगळे मीच करत होते. बढाई नाही मारत. आता या वयात बढाई कुणापुढे मारायची?

बाबांचा एक नियम होता आणि तो मोडला की ते हातावर फटका मारायचे. चालू सेटमध्ये एकच हात घालायचा. दुसरा हात मागे. दोन्ही हात आत घातले तर विजेला एका हाताने शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडायला रस्ता मिळतो, मग माणूस उरत नाही. बाबा डावा हात पँटच्या मागच्या खिशात घालून बसायचे. मला खिसा कुठला? मी परकर-पोलक्यातली पोर, वर कमरेपर्यंत वेणी, आणि ती वेणी वाकलं की तापलेल्या व्हॉल्व्हवर लोंबायची. मग मी माझी युक्ती काढली. वाकण्याआधी डाव्या हाताने वेणी खांद्यावरून मागे टाकायची, तिचं टोक कमरेला खोचायचं आणि हात तिथेच धरून ठेवायचा. वेणीही सुरक्षित, मीही सुरक्षित. इतकी सवय झाली की नळावर पाणी भरायला वाकतानासुद्धा हात आपोआप मागे जायचा.

विजू माझ्याहून दीड वर्षाने लहान. त्याला रेडिओत काडीचा रस नव्हता आणि कानही नव्हता. तळलेला आणि नाकातला यातला फरक त्याला कधी कळलाच नाही. तो नकल्या. चाळीच्या गणपतीत त्याच्या नकला ठेवायचे आणि लोक हसून हसून लोळायचे. घरमालक, नळावरच्या भांडखोर मावशी, आमचे हेडमास्तर, सगळ्यांना तो अंगात घ्यायचा. एकदा माणूस बघितला की पुरे, चालणं, बोलणं, नाक ओढणं, सगळं हुबेहूब. मला तो फार आवडायचा, खोटं कशाला बोलू. त्याचे लाड मीच जास्त केलेत.

वागळे साहेबांचा सेट आमच्याकडे आला तो हातगाडीवरून. साहेब पूर्वेला राहायचे आणि अंधेरीच्या एका रेडिओच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. सेट त्यांच्या सासऱ्यांचा, आमच्या सेटपेक्षाही उंच, पुढे दोन दारं असलेला. आमच्या दारातून आत येईना, मग दोघा हमालांनी आडवा करून घेतला आणि आई ओरडत होती की माझी भिंत पडेल. त्याचं दुखणं चमत्कारिक होतं. लावला की पाऊण तास छान वाजायचा आणि मग आवाज घशात बसायचा. बंद करून तासाने लावला की परत छान. साहेबांच्या स्वतःच्या कारखान्यातल्या माणसांनी दोनदा व्हॉल्व्ह बदलून पाहिले होते. त्यांनी हात टेकले म्हणून कुणीतरी बाबांचं नाव सांगितलं.

बाबा दोन दिवस त्याच्याशी झगडले. तिसऱ्या दिवशी ते मिलमध्ये असताना मी एकटी बसले. माझ्या डोक्यात आलं की हा गरम झाला की बिघडतो, मग याच्या पोटातलं नेमकं कोण गरम झाल्यावर बिघडतं ते शोधू. सेट लावला, आवाज स्वच्छ होता तोवरच कांब तापवली आणि एकेका भागाजवळ, न टेकवता, नुसती धग लागेल अशी धरत गेले. एक हात मागे. पाच-सहा जागा झाल्या, काही नाही. मग एका मेणाच्या कंडेन्सरजवळ कांब नेली आणि गाणाऱ्या बाईचा आवाज बघता बघता बसला. कांब बाजूला घेतली, फुंकर घातली, आवाज परत वर आला. पुन्हा नेली, पुन्हा बसला. मी तीन वेळा केलं, नुसत्या आनंदासाठी. आई आतून म्हणाली, काय गो, एकटीच हसतंस कशाक? मी तो कंडेन्सर काढला, नवीन लावला आणि तो सेट संध्याकाळपर्यंत अखंड वाजत ठेवला. बाबा आल्यावर त्यांनी लाकडावर हात ठेवला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हे त्यांनी आयुष्यात दोनदा की तीनदा केलं असेल.

रविवारी साहेब सेट न्यायला आले. आईने बांगडे केले होते, ते तसेच झाकून ठेवून तिने चहा टाकला. साहेबांनी सेट तासभर ऐकला, मग मागचा पुठ्ठा काढायला लावला आणि जुना कंडेन्सर हातात घेऊन विचारलं की हा कसा सापडला, वरून तर धडधाकट दिसतो. बाबांनी कांबेच्या धगीची युक्ती सांगितली. साहेबांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, माझ्या पदवीवाल्या पोरांना हे सुचलं नाही, कुणी शोधलं? मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आमच्या विजूने."

मी ट्रे ठेवला आणि आत गेले. मी बोलायला हवं होतं का? हवं होतं. हजार वेळा स्वतःला शिव्या दिल्यात त्यावरून. पण त्या काळात बापाला चारचौघांत खोटं पाडायचं म्हणजे काय, ते आजच्या मुलींना नाही कळायचं आणि कळू नये. साहेब बाहेर सांगत होते की आमच्याकडे दुरुस्ती विभागात उमेदवार घ्यायचाय, पोराला गुरुवारी पाठवा, माझ्यासमोर एक सेट करून दाखवला की जागा त्याची. विजू पलंगाच्या कडेला बसून मान हलवत होता. साहेब गेल्यावर मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले आणि सरळ विचारलं की माझं नाव का नाही सांगितलंत, मला जायचंय तिथे. बाबांनी ओठ वाचले, मान फिरवली आणि म्हणाले, "चेडवाक कोण देतलो नोकरी? थंय चेडवांक घेणत नाय." चेडू म्हणजे पोरगी. आईने आतून सांगितलं की बांगडे थंड होतायत. त्या दिवशीचे बांगडे मी जेवले नाही आणि कुणी आग्रहही केला नाही.

यापुढचं ऐका. विजूला तयार करायचं काम कुणाला दिलं? मला. चार दिवसांत. मिल कधीही बंद पडेल, माझे कान गेलेत, घरात एक तरी पक्की नोकरी हवी, असं बाबा मला समजावत होते आणि मी हो म्हटलं. मला माझी जागा दुसऱ्याला घासूनपुसून द्यायला लावली आणि मी ती दिली. दुपारी आम्ही दोघं बसायचो. पहिल्या दिवशीच मला कळलं की याला समजावून उपयोग नाही. वीज कुठून येते, कुठे जाते, त्याच्या टाळक्यात शिरेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा नकल्या आहे, याला रेडिओ शिकवू नये, याला मी शिकवावी. मी म्हटलं, विजू, तू मला बघ आणि माझं सोंग घे. आणि काय सांगू, दोन दिवसांत त्याने मला उचललं. पेचकस कसा धरते, पेन्सिलीने व्हॉल्व्हवर कसं टिचकवते, कान तिरका कसा करते, ओठ कसे मुडपते, सगळं. नेहमीचे सात-आठ बिघाड मी त्याच्याकडून पाठ करून घेतले. बुधवारी मी सेटमध्ये मुद्दाम डाग सोडवून ठेवला आणि त्याने तो शोधला. बाबा खूष झाले.

त्या बुधवारी मी एक गोष्ट पाहिली. विजू सेटवर वाकण्याआधी डावा हात खांद्याशी न्यायचा, काहीतरी मागे टाकायचा, हात कमरेशी नेऊन तिथे काहीतरी खोचायचा आणि मग हात तिथेच ठेवायचा. माझी वेणी. हाफ बुशशर्टातला, मिसरूड फुटलेला तो मुलगा नसलेली वेणी कमरेला खोचत होता आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. बाबांना त्यात फक्त मागे गेलेला हात दिसला आणि नियम पाळला म्हणून ते मान डोलावत होते. मला हसू आलं. सांगावंसं वाटलं आणि नाही सांगितलं. हसू देत त्याला तिथे लोक, असं म्हटलं मनात. एवढाच सूड मी घेतला, आणि तो मी कबूल करते.

गुरुवारी विजू बाबांचा सदरा घालून अंधेरीला गेला आणि संध्याकाळी पेढे घेऊन आला. निवड झाली होती. आईने देवापुढे साखर ठेवली, बाबांचे डोळे भरून आले. मी विचारलं, कसं झालं, कुणी हसलं का? तो म्हणाला, तू शिकवलंस तसंच केलं ताई, कुणी नाही हसलं. आणि बाबांना घेऊन तो गॅलरीत गेला. त्यांना काही सांगायचं तर तोंडासमोर तोंड धरून हळूहळू बोलावं लागायचं, ते दोघं तिथे बराच वेळ उभे होते. मी पातेलं घासत होते. नवा माणूस भेटला आणि विजूने घरी येऊन त्याची नक्कल केली नाही, असं कधी झालं नव्हतं. वागळे साहेबांची नक्कल त्याने त्या दिवशीही केली नाही आणि पुढेही कधी केली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. कपाळ माझं.

पुढची चार वर्षं मी घरी बाबांचे सेट ऐकत राहिले. मग बाबा एका दुपारी टेबलावरच गेले, हृदयाने. वर्षाने माझं लग्न झालं आणि मी बोरिवलीला आले. नवरा चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण सासरे म्हणाले की बाईमाणसाने विजेच्या वस्तूंना हात लावायचा नाही, आणि तोवर खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले होते, व्हॉल्व्हची सद्दी संपली होती. मी पाळणाघर काढलं आणि तीस वर्षं लोकांची पोरं सांभाळली. वाईट काम नव्हतं. पण मी निवडलेलं नव्हतं. विजू त्या कारखान्यात चढत गेला, सुपरवायझर झाला, पुढे आणखी कुणीतरी झाला. माणसं सांभाळण्यात तो हुशार, तिथे नकला उपयोगी पडतात. निवृत्त होऊन त्याने चारकोपला घर घेतलं.

आता या महिन्यातलं. विजूची पंचाहत्तरी. आम्ही घरचीच वीस-बावीस माणसं, टेबलं जोडलेली, निळ्या दिव्यात बाटल्या दिसतायत. कुणीतरी म्हणालं, काका, नक्कल होऊन जाऊ दे. आणि हा उभा राहिला. म्हणाला, माझ्या पहिल्या नोकरीची गंमत सांगतो. वाकून दाखवलं त्याने. डावा हात खांद्यावर नेला, नसलेली वेणी मागे टाकली, कमरेला खोचली. लोक खो खो हसले, मीसुद्धा हसले, कारण इतक्या वर्षांनी मला मीच दिसले, अठरा वर्षांची. मग त्याने साहेबांचा आवाज काढला. म्हणजे त्याला तो येत होता तर! नाकात बोलायचे साहेब, अगदी तस्सा. "काय रे, वेणी घरी विसरलास काय? माझ्या वायरिंग खात्यात पोरींची अख्खी रांग आहे, सगळ्या अशाच खोचतात. कुणी शिकवलं तुला?" पुन्हा हशा. मग विजू स्वतःच्या जुन्या आवाजात घाबरून म्हणाला, बहिणीने. आणि परत साहेब. नकल्या माणूस, एकदा अंगात आलं की सोंग अर्ध्यावर सोडता येईना. "मग जिची वेणी आहे तिला सोमवारी घेऊन ये. खाली एक जागा आहे. तू इथे राहा, पोरगा चुणचुणीत आहेस, पण तिला घेऊन ये."

एवढं बोलून त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. बाकीचे अजून हसतच होते. मी विचारलं, मग काय झालं विजू? तो खाली बसला. म्हणाला, "मग काय ताई, बाबांना सांगितलं. ते म्हणाले, तिला बोलू नको." सुनेने घाईघाईने आइस्क्रीम आणलं. मी पान तसंच टाकून उठले, चपला घातल्या, लिफ्टची वाट न बघता चार मजले उतरले आणि रिक्षा केली. गुडघ्यांनी दुसऱ्या दिवशी माझा सूड घेतला.

पोरींची अख्खी रांग! मी अठरा वर्षांची होते आणि तीन-चार मैलांवर पोरी रांगेने बसून रेडिओ जोडत होत्या, आणि मला सांगितलं की पोरींना घेत नाहीत. मला रडू नाही आलं. या वयात अंगाचा तिळपापड होतो तेव्हा रडूसुद्धा येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. ताई, किती वर्षं झाली, सोड ना आता. मी म्हटलं, सोडते, पण आधी सांग, बाबा काय म्हणाले, शब्दन् शब्द. तो म्हणाला, बाबा म्हणाले की ती गेली तर सेट कोण ऐकणार, माझा धंदा बसेल, तू तुझं बघ. बरं. बाबांचं मला कळतं. रागही येतो आणि कळतंही. बहिरा माणूस, त्याचे कान मी होते, कान कोण देऊन टाकतो? माफ केलं असं नाही म्हणणार, पण कळतं. मी विचारलं, बाबा गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. माझं लग्न व्हायचं होतं. ऐकायला सेट नव्हते, धरून ठेवायला बाबा नव्हते. तेव्हा तू तोंड का नाही उघडलंस?

तो आधी इकडचं तिकडचं बोलला. तेव्हा घरात सुतक होतं, मग तुझ्या लग्नाचं चाललं होतं, साहेबही बदलून गेले होते. गप्प राहिले की विजू बोलतो, लहानपणापासून मला माहीत आहे. शेवटी तो म्हणाला, "मी तेव्हा नुकताच लाइनवर आलो होतो, ताई. तू आली असतीस तर सहा महिन्यांत सगळ्यांना कळलं असतं की मला काहीच येत नाही आणि सगळं तुला येतं."

पन्नासहून जास्त वर्षं त्याने हे वाक्य पोटात ठेवलं. मला भाऊबीजेला साड्या दिल्या, माझ्या मुलीच्या लग्नात राबला, नवरा गेला तेव्हा तेरा दिवस माझ्या घरी झोपला, आणि हे वाक्य दिलं नाही. मी त्याला म्हटलं, विजू, हेच वाक्य काल जेवायला आलेल्या प्रत्येकाला फोन करून सांग. तुझ्या पोराला पहिल्यांदा. नक्कल नको, तुझ्या आवाजात. तो हो म्हणाला. अगदी रडवेल्या आवाजात म्हणाला, सांगतो ताई, आजच सांगतो.

आज अकरा दिवस झाले. वीस-बावीस माणसांपैकी एकाचाही मला फोन आलेला नाही. म्हणून मीच हे लिहून सांगितलं.